माझं बंद माईकवरचं भाषण

सहाशे माणसांपुढे उभं राहून तुम्ही कधी प्रश्न विचारलाय? मी प्रत्येक ग्रामसभेत विचारतो, प्रश्न नसला तरी विचारतो. म्हणून ज्यांच्या तोंडून शब्द फुटत नाही ती माणसं मला भित्री वाटायची. दिघीची सफुरा त्यातलीच एक.

सफुरा बोलताना अडखळते. श्रीवर्धनला कॉलेजच्या पहिल्याच दिवशी नाव सांगताना 'स'वर अडकली, वर्ग हसला, ती परत गेली नाही. मग लग्न, दोन पोरं, नवरा कुवेतला, घरात शिलाई मशीन. पस्तिसाव्या वर्षी तिने एका विद्यापीठाच्या ऑनलाइन बी.ए.ला नाव घातलं. वर्गात सहाशे जण.

मी दहावी नापास. जे शिकलो ते सरकारी कचेऱ्यांच्या बाकड्यांवर. त्यामुळे शिक्षणावर बोलायचा पहिला हक्क माझा. मोबाईलवरची शाळा म्हणजे गरिबाच्या तोंडाला पुसलेली पानं, असं ठरवून मी विद्यापीठाला निवेदन लिहिलं: आमच्या भागातले ऑनलाइन वर्ग बंद करा, श्रीवर्धनला खरे वर्ग भरवा. बोर्ली पंचतनच्या बाजारात दोनशे बारा सह्या घेतल्या. सफुराने दिली नाही. मी म्हटलं, घाबरते.

मागच्या महिन्यात उत्तर आलं. पहिली मागणी मान्य, दुसरी विचाराधीन. मी 'मान्य'पर्यंत वाचलं आणि पेढे घेऊन दिघी गाठली.

मशीनला मोबाईल टेकवून सफुरा वर्गात बसली होती. तिने पत्र वाचलं. पेढ्याला हात लावला नाही.

"म्हंजे पुढच्या स... सत्रापासून माझा वर्ग बंद?"

"श्रीवर्धनला होणार ना."

"कधी?"

उत्तर नसलं की मला राग येतो. मी मोबाईल उचलला आणि शिकवणाऱ्या मृणाली मॅडमना थेट सुनावलं. पाच मिनिटं. आयुष्यातलं सगळ्यात चांगलं भाषण. मॅडम आपल्या शिकवतायत. मनात म्हटलं, बाई भलतीच कोडगी दिसते.

"सदाभाई," सफुरा म्हणाली, "माईक बंद हाय."

आतून तिची सासू हसली.

सफुराने मोबाईल घेऊन दोन अंगठ्यांनी भराभर लिहिलं. मॅडमनी वाचून दाखवलं, "सफुराताई लिहितात, घरी एक भाऊ आलेत, त्यांच्या मते हा खरा वर्ग नाही." त्या हसल्या. "कॉलेजात शिकवायचे तेव्हा पुढच्या बाकांवरचे पाच जणच प्रश्न विचारायचे. इथे मागचा बाकच नाही. सफुराताईंचे प्रश्न तर मी दुसऱ्या तुकडीलाही घालते. पण मी कशाला सांगू? तुम्हीच सांगा त्यांना."

पडद्यावर उत्तरं सुरू झाली. ट्रक भरायला लागलाय, केबिनमधून ऐकतोय. बाळ मांडीवर आहे. मला ऐकू येत नाही, खाली अक्षरं येतात ती वाचतो. कळलं नाही तर मागे नेऊन चारदा ऐकते, कुणी कपाळाला आठ्या घालत नाही. मी स्वतःला जनतेचा आवाज म्हणवतो. जनता माझ्यासमोरून सरसर वर जात होती आणि मला तेवढ्या वेगाने वाचताही येत नव्हतं.

"तुमच्या सभांना मी द... दहा वर्षं येते," सफुरा म्हणाली. "मी अडकले की माझं वाक्य तुम्हीच पुरं करता. आणि चुकीचं करता."

तिचं पुढचं वाक्य पुरं करण्याआधी मी एक पेढा स्वतःच्याच तोंडात कोंबला. फार मेहनत लागली.

विद्यापीठ म्हणतं, वर्ग चालू ठेवायचे तर ज्यांनी सह्या दिल्या त्यांनीच पुन्हा लिहून द्यावं, सतरा तारखेच्या आत. नवं पत्र सफुराने लिहिलंय: हे वर्ग ठेवा, श्रीवर्धनलाही भरवा. तीन ओळी. माझं चार पानी होतं. हे नवं पत्र घेऊन फिरतोय, तर लोक म्हणतात, "सदाभाऊ, आधी तुमचं काय ते ठरवा." ठरलंय.

त्या दोनशे बारांत तुमचं नाव असेल, तर रविवारी सकाळी बोर्लीच्या एसटी स्टँडवर या. शिव्या नंतर घाला, आधी या तीन ओळींखाली सही करा.