सातव्या रांगेतली जागा

शनिवार, १८ सप्टेंबर २००४. सकाळी ऊन, दुपारनंतर वारा. कॉलेजच्या मैदानावर सीझनची पहिली मॅच. आपण हरलो. डोरीन आणि वॉल्ट भेटले, दोघांनीही मिठी मारली. माझ्या शेजारी मात्र कोणी बसले नाही. येताना बस उशिरा आली. रात्री ताकभात.

एवढं लिहून मालिनीबाईंनी वही मिटली. रोज चार ओळी लिहायची ही सवय नागपूरच्या कॉन्व्हेंटमधल्या नन्सनी लावलेली. लग्न होऊन अमेरिकेत आल्या तरी ती सुटली नव्हती.

फुटबॉलचं वेड त्यांच्या यजमानांचं. अरुणराव या छोट्या गावातल्या छोट्या कॉलेजात केमिस्ट्री शिकवायचे. मोठी टीम बघायची तर मोठ्या युनिव्हर्सिटीचं ॲन आर्बर शहर तासाभरावर होतं, पण ते म्हणत, "तिथल्या लाखभर माणसांत मला कोण ओळखतंय? इथं मी आलो नाही तर विचारतील तरी." कॉलेजची टीम बहुतेक वेळा हरायची. तरी दर वर्षी अरुणराव सातव्या रांगेतल्या त्याच दोन जागांची सीझन तिकिटं काढायचे.

मालिनीबाईंना खेळात काडीचा रस नव्हता. चेंडू हातात घेऊन पळायचं, मग सगळ्यांनी एकमेकांवर पडायचं, आणि याला म्हणायचं फुटबॉल! पण अरुणराव एका कानाने त्यांच्या शंका ऐकत आणि दुसऱ्या बाजूला डोरीनशी हिरीरीने वाद घालत, ते बघायला त्यांना आवडे. डोरीन गावातली स्कूल बस चालवायची, तिचा नवरा वॉल्ट पोस्टमन. दोघंही आता रिटायर झालेली. ॲल्युमिनियमच्या लांब बाकावर आधी वॉल्ट, मग डोरीन, मग अरुणराव आणि कडेला मालिनीबाई. इतकी वर्षं हाच क्रम.

फेब्रुवारीत अरुणराव गेले. पुढच्या सीझनची तिकिटं त्यांनी आधीच काढून ठेवली होती.

"आई, तू बॉथेलला माझ्याकडे ये आता कायमची," शंतनू दर रविवारी फोनवर म्हणे. "एकटी काय करणारेस तिथे? स्नो कोण शोव्हल करणार?"

"सीझन संपू दे. मग सांगते."

"तुला तर गेम कळतही नाही!"

ते खरंच होतं. पण अरुणरावांच्या मागे या गावात आपल्याला जागा आहे की नाही, हे मालिनीबाईंना बघायचं होतं. मुलाला हे फोनवर कसं सांगणार?

आणि पहिल्याच मॅचला त्यांना जे दिसलं, ते मनाला लागलं. त्यांच्या आणि डोरीनच्या मध्ये माणूसभर जागा मोकळी होती. डोरीन तिकडे वॉल्टला चिकटून. पॉपकॉर्न द्यायचं तर हात लांब करून देई, पण इकडे सरकत नसे. ऑक्टोबरात थंडी पडली, लोक जाडजूड कोट घालून आले, बाकावर दाटी झाली, तरी मधली जागा तशीच. मालिनीबाईंना लहानपणची मोठी काकू आठवली. विधवा म्हणून हळदीकुंकवाच्या दिवशी ती मागच्या खोलीत बसायची. 'इथेही तेच का?' त्यांच्या मनात येई. मग त्या शाल घट्ट ओढून घेत आणि आपल्या नंबरावर ताठ बसून राहत.

शेवटची मॅच तेरा नोव्हेंबरला होती. नेमका त्याच दिवशी दिवाळीचा पाडवा. वर्षाच्या आत सण नाही, म्हणून घरात फराळ केला नव्हता. सकाळी शेजारची हिमानी डबा घेऊन आली. मूळची पुण्याची, आयटीतली मुलगी.

"काकू, मम्मीनं फोनवर बजावलंय, 'काकूंकडे यंदा कढई चढणार नाही, तू नेऊन दे.' चकल्या जरा मऊ पडल्यात हं, हसू नका. कुठे निघालात?"

"मॅचला."

"आज? या थंडीत, बसनं? काहीतरीच! मी ड्राइव्ह करते."

दुसरं तिकीट होतंच. फराळाचा डबाही बरोबर घेतला. मैदानावर पोचल्यावर मालिनीबाई आपल्या नंबरावर टेकल्या, आणि हिमानी त्यांना ओलांडून मधल्या जागेत बसली. वॉल्ट ताडकन उठला.

"तिथं नको!"

"सॉरी, सॉरी!" हिमानी उभी राहिली. "कुणाची सीट आहे?"

"कुणाची म्हणजे? अरुणची," डोरीन म्हणाली. मालिनीबाईंकडे बघून ती ओशाळली. "पहिल्या दिवशी तू आत सरकली नाहीस. मला वाटलं, तू त्याची जागा धरून ठेवते आहेस. मग आम्हीही धरली."

"आम्ही नाही, मी," वॉल्ट म्हणाला. "सगळा सीझन मी अर्धा बाकावर आणि अर्धा शेजाऱ्याच्या मांडीवर बसलोय."

मालिनीबाईंनी घट्ट ओढलेली शाल सैल केली. मग त्या हळूच म्हणाल्या, "मला वाटलं, तुम्हाला माझ्या शेजारी बसायचं नाही."

"अगं बाई! थंडीनं मी गारठून गेले होते, आणि तुझी ती शाल हातभरावर!"

मालिनीबाई हसल्या, आणि हसता हसता त्यांनी डोळे पुसले. "बस, हिमानी. ह्यांना जागा अडवलेली आवडायची नाही. बसमध्येसुद्धा पिशवी मांडीवर घ्यायचे."

मग सगळी रांग सरकली आणि शाल तिघींच्या गुडघ्यांवर पसरली. डबा वॉल्टपर्यंत गेला तो हलका होऊनच परतला. मऊ चकल्यांबद्दल कोणाची तक्रार नव्हती.

टीम हरलीच. शेवटच्या मिनिटाला आपल्या पोरांनी एक टचडाउन करून गुण मिळवले, तेव्हा मॅच जिंकल्यासारखी आरडाओरड झाली. मग मुलं हेल्मेट काढून प्रेक्षकांसमोर येऊन उभी राहिली आणि त्यांनी कॉलेजचं गाणं म्हटलं. दर वर्षी हरणाऱ्या या पोरांमुळे आपल्याला ही रांग मिळाली, असं वाटून मालिनीबाई हात दुखेपर्यंत टाळ्या वाजवत राहिल्या.

संध्याकाळी शंतनूचा फोन आला. "संपला सीझन? मग तिकीट बुक करू?"

"कर. जानेवारीत येते. परतीचंही कर, ऑगस्टच्या आतलं."

"आई, पुढच्या वर्षीही ते हरणारच आहेत गं!"

"हरू देत की."

फोन ठेवून त्यांनी भांडी आवरली आणि वही उघडली. त्या दिवसाची शेवटची ओळ अशी: हिमानीचा डबा घासला. रिकामा परत द्यायचा नाही, म्हणून साखर भरून ठेवली.