मला डॉक्टर म्हणाला

माझ्या मावशीला कारखान्यात सगळे टकटकबाई म्हणत. पुठ्ठ्याची खोकी बनवणारा कारखाना. तिथल्या कार्यालयात ती सव्वीस वर्षं टाइप करत होती. टाइपरायटर जाऊन संगणक आला तरी ती कीबोर्ड असा बडवायची की शेजारच्या टेबलावरचा चहा हिंदकळायचा.

इंग्रजी ती शाळेत शिकली नव्हती. दुसऱ्यांची पत्रं टाइप करता करता शिकली. तिच्याकडे एक वही होती, तिच्यात क्रियापदांच्या याद्या. 'गिव्ह', 'शो', 'सेंड' ही गुणी पोरं. पाठोपाठ आधी माणूस घेतात, मग वस्तू. 'गिव्ह मी द फाइल.' 'एक्सप्लेन' मात्र अडेलतट्टू. 'एक्सप्लेन मी द बिल' म्हटलं की फसलात, त्याला मध्ये 'टू' लागतो. मावशी म्हणायची, "आपलं बरं, 'मला' म्हटलं की झालं, वाक्यात कुठेही ठेवा. यांच्यात प्रत्येक क्रियापदाचे रुसवेफुगवे वेगळे." आणि वहीत एका ओळीखाली दोन रेघा होत्या: 'कॉल'. 'ही कॉल्ड मी अ टॅक्सी' म्हणजे त्याने माझ्यासाठी टॅक्सी बोलावली. 'ही कॉल्ड मी अ लायर' म्हणजे तो मला खोटारडा म्हणाला. रचना तीच, अर्थ दोन.

म्हणजे तिला माहीत होतं. तेच तिला नंतर जाळत राहिलं.

पुठ्ठा कापायच्या यंत्रावरच्या एका कामगाराची दोन बोटं तुटली. यंत्रापुढची जाळी सैल होती. त्याने सुपरवायझरला दोनदा सांगितलं होतं. सुपरवायझर म्हणाला होता, "मोठा डॉक्टर लागून गेलास! यंत्राची नाडी बघतोस काय?" त्यानंतर तासाभरात हात आत गेला. सुपरवायझरने त्याला चिंधी बांधून बाहेर बाकावर बसवलं. चाळीस मिनिटांनी त्याचा मेहुणा त्याला रिक्षात घालून दवाखान्यात घेऊन गेला.

त्याचा जबाब घ्यायला मावशीला पाठवलं. खाटेशेजारी बसून तिने तो पेन्सिलीने मराठीत उतरवला. मुख्य कार्यालयाला इंग्रजी हवं, म्हणून टेबलाशी येऊन भाषांतर केलं. "मी जाळीबद्दल बोललो तर तो मला डॉक्टर म्हणाला." इंग्रजीत तिने त्याची दोन वाक्यं केली. आधी जाळीचं, मग पुढचं: 'ही कॉल्ड मी अ डॉक्टर.' पुन्हा दवाखान्यात जाऊन मराठी कागद वाचून दाखवला, इंग्रजी कागदावर त्याचा अंगठा घेतला, खाली आपली सही केली.

तीन आठवड्यांनी चौकशीचा अहवाल टाइप करायला तिच्याच टेबलावर आला. चौथ्या पानावर लिहिलं होतं: जखमी कामगार स्वतः म्हणतो, 'ही कॉल्ड मी अ डॉक्टर'. यावरून सुपरवायझरने तत्काळ डॉक्टर बोलावला हे सिद्ध होते. दोष कामगाराच्या हलगर्जीपणाचा.

मावशी उठली. खुर्ची मागे पडली, तिने उचलली नाही. सरळ मॅनेजरच्या केबिनमध्ये.

"साहेब, हे वाक्य असं नाही. त्याने डॉक्टर बोलावला नाही, टोमणा मारला."

मॅनेजरने चष्मा वर केला. "बाई, यात व्याकरणाची चूक आहे का?"

"नाही."

"भाषांतर कुणाचं?"

"माझं."

"सही?"

"माझीच. पण तुम्ही आधीचं वाक्य गाळलंत. जाळीचं. ते असतं तर आंधळ्यालाही कळलं असतं."

"तुम्ही टाइप करा. अर्थ आम्ही लावू."

त्या दिवशी ती घरी आली तेव्हा मी तिथेच होते. काका शिवणयंत्रावर बसले होते. तिने पिशवी भिरकावली आणि म्हणाली, "सव्वीस वर्षं! सव्वीस वर्षं यांची फुटकी वाक्यं नीट करून दिली. आणि माझ्या धड वाक्याने एका माणसाचा गळा कापला!" काका म्हणाले, "जाऊ दे गं, तुझा काय दोष?" त्यावर ती काकांवरच उसळली. "दोष नाही कसा? वहीत लिहून ठेवलंय मी! दोन रेघा मारून!"

दुसऱ्या दिवशी ती कामगाराच्या घरी गेली. गॅरेजच्या वरची एक खोली, खाली ठोकाठोक. त्याच्या बायकोने तिला बसही म्हटलं नाही. अहवालात काय आलंय ते मावशीने उभ्यानेच सांगितलं.

"ताई, तुम्ही वाचून दाखवलंत ते वेगळं आणि लिहिलंत ते वेगळं?"

"लिहिलं तेच होतं. त्यांनी वाचलं वेगळं."

"म्हणजे आमच्या लेखी एकच," ती बाई म्हणाली. "शिकलेल्यांचं भांडण तुमचं, हात आमचा गेला."

मावशीने ऐकून घेतलं. कामगार भिंतीकडे तोंड करून पडला होता. तिने विचारलं, "पेन्सिलीचा कागद माझ्याकडे आहे. सरकारी कामगार अधिकाऱ्याकडे देऊ?" तो न वळता म्हणाला, "द्या. आता आणखी काय कापायचं राहिलंय?"

तिने स्वतःच्या हाताने पत्र लिहिलं, टाइप केलं नाही; त्यात आपली चूकही कबूल केली. पेन्सिलीचा कागद जोडला आणि स्वतः नेऊन दिला, पोच घेतली. सुनावणीला अधिकाऱ्याने सुपरवायझरला साध्या मराठीत विचारलं, "डॉक्टर बोलावलात?"

"हो, लगेच."

"कोणता?"

"जवळचाच. नाव आठवत नाही."

"गाडीने आला की चालत?"

"चालत. नाही, स्कूटरवर."

अधिकाऱ्याने कारखान्याच्या फाटकावरचं रजिस्टर उघडलं. त्या दुपारी आत कुणीच आलं नव्हतं. ना चालत, ना स्कूटरवर. मावशी मागच्या बाकावर बसली होती.

अहवाल मागे घ्यावा लागला. जाळी बसली. कामगाराला भरपाई मिळाली आणि बरा झाल्यावर फाटकावरचं काम. पण कारखान्याने आपली पाटी कोरी ठेवली. मुख्य कार्यालयाला कळवलं, 'टंकलेखिकेच्या चुकीच्या भाषांतरामुळे गैरसमज झाला.' आणि मावशीच्या हातात मेमो.

तिने मेमो वाचला आणि त्याच कागदाच्या पाठीवर मराठीत लिहिलं: 'भाषांतर चूक नव्हते. ते तोडून वापरणारे खोटे होते. मी दुसरा अर्थ लक्षात ठेवला नाही, एवढीच माझी चूक. ती मी अधिकाऱ्यांपुढे कबूल केली आहे. तुमची तुम्ही करा.' सही ठोकली आणि आवक विभागात शिक्का मारून घेतला.

तिला मालपाठवणीच्या खोलीत बसवलं, खोक्यांवर पत्त्याच्या चिठ्ठ्या डकवायला. निवृत्तीपर्यंतची दोन वर्षं तिने तेच केलं. पण कुणाचा अर्ज, कुणाचा जबाब असला की लोक जेवणाच्या सुट्टीत तिच्याकडेच यायचे. ती आधी मराठीत लिहून घ्यायची, मग इंग्रजीत, मग इंग्रजीचं पुन्हा मराठी करून समोरच्याला ऐकवायची. "हेच म्हणायचंय ना? नीट ऐक, हूं करू नकोस!" असं खेकसून.

सुपरवायझरची दुसऱ्या शाखेत बदली झाली. वर्षभराने कळलं, तिथे त्याला बढती मिळाली. ही बातमी कुणीतरी जेवताना सांगितली. मावशीने डब्याचं झाकण आपटून बंद केलं. त्या दिवशी ती जेवली नाही.