बंदुकीची नजर

माझे सासरे बंदूक घ्यायला म्हणून मुंबईला आले, तेव्हा त्यांनी बरोबर कडव्या वालांची पिशवी, थोडे सोडे आणि एक दुःखद बातमी आणली होती.

"जावईबापू, आमच्या बंदुकीची नजर गेली," चहाची बशी खाली ठेवत ते म्हणाले.

माणसाची नजर जाते हे मला माहीत होतं. बंदुकीची कशी जाते, हे विचारायचा धीर झाला नाही. लग्नाला जेमतेम वर्ष झालं होतं आणि सासऱ्यांना मी अजून जपून मामा म्हणत होतो. आत स्टोव्ह पेटवत बसलेली माझी बायको मात्र खुदकन हसली.

मामांचं गाव रेवदंड्याहून मचव्याने खाडीत बरंच आत गेलं की लागतं. खाली भाताची खाचरं, वर डोंगर. शिमग्याला तिथे पारध निघायची. निम्मे गावकरी ढोल बडवत, हाळ्या देत रान उठवायचे, बाकीचे बंदुका घेऊन वाटा धरायचे. पण पहिला बार कोणी काढायचा हे ठरलेलं. तो मान मामांच्या घराण्याचा. त्यांनी बार काढल्याशिवाय समोर वाघ येऊन उभा राहिला तरी दुसऱ्याने चाप ओढायचा नाही.

आता या मानाला घरघर लागली होती. दोन वर्षांमागच्या शिमग्याला एक भेकर मामांच्या समोरून चालत गेलं. धावत नव्हे, चालत. मामांनी बार काढला तो थेट आभाळात. त्यानंतरच्या शिमग्याला त्यांनी सांबर म्हणून एक भलंमोठं वारूळ टिपलं. वारूळ जागच्या जागी ठार झालं. गाव महिनाभर हसत होतं. मग भावकीतल्या एका चुलतभावाने देवळात उभं राहून सांगितलं, की यंदा तिसऱ्यांदा चुकलं तर पहिला बार आमच्या घरात येणार. आणि गावाने माना डोलावल्या. मामांना हे फार लागलं होतं. आमच्या खोलीत ते दोन दिवस नीट जेवलेसुद्धा नाहीत.

"ठासणीची बंदूक हाय, म्हातारी झाली," ते पुन्हापुन्हा म्हणत होते. "तिचा दोष न्हाय."

परवान्याचं काम अलिबागेला आधीच झालं होतं. मी कचेरीतून अर्ध्या दिवसाची रजा काढली आणि त्यांना घेऊन ट्रामने फोर्टात गेलो. बंदुकांचा दुकानदार पारशी होता, मोठा गोड माणूस. त्याने विचारलं, जनावर कुठलं, रान कसं. मामा म्हणाले, भेकर, नशीब असलं तर सांबर.

"मग दुनळी घ्या ने काका," त्याने दोन नळ्यांची सुरेख बंदूक पुढे केली. "छर्रा पसरते, जनावर चुकत नाय. कोकणचा जंगल दाट. लांबचा दिसतेच कुठे?"

मला ते पटलं. मामांनी दुनळी खांद्याला लावून पाहिली, तोंड वाकडं केलं आणि परत दिली. मग त्यांचं लक्ष मागच्या कपाटाकडे गेलं. तिथे एक रायफल होती आणि तिच्या पाठीवर पितळी कड्यांची काळी दुर्बीण बसवलेली होती.

"हिच्या डोक्यावर काय हाय?"

दुकानदाराने रायफल काढून दिली आणि दारातून रस्त्यापलीकडे बघायला सांगितलं. मामांनी डोळा लावला. काही दिसेना. दुकानदाराने दुर्बिणीची मागची कडी जराशी फिरवली, मग आणखी फिरवली, मग पार शेवटापर्यंत फिरवली. आणि मामा एकदम ओरडले, "जावईबापू! त्या घड्याळाला काटे हायत!"

समोरच्या इमारतीवर एक घड्याळ होतं. त्याला काटे होते, आकडे होते, आणि वर बसलेलं एक कबूतरही होतं. ते सगळं मला नुसत्या डोळ्यांनी दिसत होतं. मामांनी मघापासून तिथे काय पाहिलं होतं कोण जाणे. मी दुकानदाराकडे पाहिलं, त्याने माझ्याकडे पाहिलं. बंदुकीच्या नजरेचं कोडं आम्हा दोघांना एकदमच सुटलं.

योगायोग असा, की शेजारीच चष्म्याचं दुकान होतं. मी फार सांभाळून, आडवळणाने, हल्ली मुंबईत पुष्कळ लोक चष्मा लावतात असं म्हणालो.

मामांचा चेहरा पडला. "चष्मा लावून मी देवळात जाऊ? मानकरी आंधळा झाला म्हनतील. मान तितंच गेला समजा." मग रायफलीवर थाप मारून म्हणाले, "ही लावू दे चष्मा. बंदुकीनं लावला तर लाज न्हाय."

दुकानदाराने शेवटचा प्रयत्न म्हणून दाट रानात दुर्बिणीतून नुसती पानं दिसतील असं बजावलं. "शिमग्याला पानं असत्यात व्हय?" मामा म्हणाले. हे मात्र खरं होतं. फाल्गुनात तो डोंगर उघडाबोडका असतो. दुकानदार हसला, नेम जुळवून दिला आणि रायफल कापडात बांधली.

शिमग्याला मी बायकोला घेऊन सासुरवाडीला गेलो. पारधीच्या आदल्या संध्याकाळी गाव देवळापुढे जमलं होतं. मामांना आपली रायफल दाखवायची हौस आवरेना. मी कानात सांगितलं की दाखवू नका. त्यांनी ऐकलं नाही. "बघा, समोरच्या डोंगरावरचा दगड न दगड दिसतोय," असं म्हणत त्यांनी ती पहिल्यांदा दिली कोणाला, तर त्याच चुलतभावाला.

तो तगडा, घारीसारख्या डोळ्यांचा गडी. त्याने दुर्बिणीला डोळा लावला, मिटला, चोळला, पुन्हा लावला. "नुसतं धुकं हाय," तो म्हणाला. मग दुसऱ्याने पाहिलं. धुकं. तिसऱ्याला धुकं. कडी मामांच्या डोळ्यांना बसेल अशी फिरवलेली होती, तिथे धडधाकट डोळ्यांना काय दिसणार? आता कोणीतरी विचारणार, की आम्हाला दिसत नाही ते तुलाच कसं दिसतं, आणि पितळ उघडं पडणार.

मामांनी रायफल घेतली, डोंगराकडे धरली आणि शांतपणे म्हणाले, "वरच्या कातळावर पांढरी शेळी हाय. एक कान फाटका."

एक पोरगा वर धावत गेला आणि फाटक्या कानाची शेळी ओढत खाली घेऊन आला.

गावाने तिचा कान हात लावून पाहिला. मग देवळाचा गुरव हळूच म्हणाला, "मानकऱ्याबिगर दुसऱ्याला दिसत न्हाय." झालं! बघता बघता ते गावभर झालं. चुलतभावाने मुकाट्याने मामांच्या पायांना हात लावला. भिंगाचं शास्त्र सांगायला माझी जीभ शिवशिवत होती, पण बायकोने इतक्या जोरात चिमटा काढला की मी गप्प बसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओढ्यापलीकडच्या उघड्या उतारावर भेकर आलं आणि हाळ्यांनी बिचकून थबकलं. मी मामांच्या मागेच बसलो होतो. त्यांनी दुर्बिणीला डोळा लावला. बार निघाला आणि भेकर जागच्या जागी बसलं. मामांनी आरोळी वगैरे काही दिली नाही. त्यांनी डोळे पुसले आणि मला म्हणाले, "दिसलं वो मला."

दुपारी वाटे पडले, मानाचा वाटा वाजतगाजत घरी आला. अंगणाच्या टोकाला, आंब्याखाली, मामा लोकांशी बोलत उभे होते. माझ्या सासूबाई ओटीवर तांदूळ निवडत होत्या. आता खरं सांगायचं तर त्यांच्या हातच्या भातात दर घासाला खडा लागायचा. जावई म्हणून मी तो गिळत असे आणि तांदूळच तसला असेल अशी मनाची समजूत घालत असे. रायफल रिकामी करून मी भिंतीला टेकवली होती. सासूबाईंनी इकडेतिकडे पाहिलं, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "मला बगाया द्याल?"

मी रायफल धरली, त्यांनी डोळा लावला. मला वाटलं, धुकं आहे म्हणून सोडून देतील. त्यांनी सोडलं नाही. नळी आंब्याच्या रोखाने वळली आणि तिथेच थांबली.

"अगं, माझ्यावर काय रोखतीस!" मामा तिथून ओरडले.

त्या हलल्या नाहीत. बऱ्याच वेळाने डोळा काढून माझ्याकडे बघत त्या म्हणाल्या, "ह्यांचं क्यास इतकं पांढरं कवा झालं?"

लग्नातल्या पहिल्या भेटीपासून मी मामांना पांढऱ्याच केसांचे पाहत होतो. सासूबाईंनी पुन्हा डोळा लावला. "गालावर न्हाव्यानं कापलंय," त्या म्हणाल्या. "हडकले बी हायत. कुनी सांगितलंच न्हाय मला." आणि तिथेच, तांदळाच्या सुपाशी, त्या रडू लागल्या.

मामा धावत आले. काय झालं ते मी सांगितलं. ते ओटीच्या कडेला टेकले, सुपातला एक खडा बोटांनी चाचपून बाहेर टाकला, आणि मग माझ्याकडे न बघता विचारलं, "जावईबापू, बंदुकीच्या शेजारी तो चष्मेवाला होता, तो अजून बसतो का?"

"बसतो की."

"मग हिला घेऊन येतो," ते म्हणाले. आवाज खाली करून, अंगणात कोणी ऐकत नाही ना ते पाहून, त्यांनी पुढे जोडलं, "माझा बी बघू. पन मी घरात लावनार. हिला बघायपुरता."