लाल खुर्ची आणि परदेशातला साहेब

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काय केलं, तर ओटीवर बसून भिजवलेले वाल सोलले. तेव्हाही हिरानं, माझ्या बायकोनं, मला साहेब केलं होतं.

"नाव सांगा," मी म्हटलं.

"अवो, साहेब काय वाल सोलत इचारतो? नीट बसा."

कामतघरच्या एका कंपनीत हिरानं पैसे टाकले. चांगलं वाटलं म्हणून आमच्या अंजूरच्या आळीतल्या बायांनाही टाकायला लावले. मालक दुबईला पळाला. बाया म्हणाल्या, हिरानंच बुडवलं. शेजारची सुमन रोज आमच्याकडे चहाला यायची, ती मान फिरवून जाऊ लागली. पैसे गेले त्याचं हिराला तेवढं लागलं नाही... सुमनचं लागलं.

तपासाच्या हापिसात सांगितलं, आम्ही दुबईच्या हापिसाला लिहिलंय, त्यांचं उत्तर आलं की साक्षीदारांना विचारू. हिराला वाटलं, तिथला साहेब घरी येणार. त्याच्यासाठी तिनं लाल खुर्ची राखून ठेवली, कुणाला बसू देत नव्हती. आणि मला साहेब करून रोज साक्षीची तयारी.

आमच्याकडे गुरं दुसऱ्या गावात शिरली की दोन्ही गावचे पाटील शिवेवर भेटायचे, संध्याकाळी गुरं दावणीला. हे दोन देश इतकी वर्षं एकमेकांना काय विचारतात? त्यांचा कायदा वेगळा, आपला वेगळा, म्हणतात... चोर तर एकच ना? मला अजून कळत नाही. उद्या उत्तर आलं तर ते कुणाला विचारतील, तेही कळत नाही.

वाल सोलले त्याच रात्री हिरा झोपेतच गेली. ती खुर्ची आजही ओटीवर आहे, पण तिच्याकडे पाहिलं की मला साहेब आठवत नाही, ती सकाळ आठवते. बाया जमल्या. सुमन उंबऱ्याबाहेरच उभी राहिली. मी खुर्ची ओढून तिच्यापुढे ठेवली.

"तात्या, ही तर साहेबाची हाय. मी कशी बसू?"

"बस. तुलाच सांगायचं होतं तिला."

ती बसली. मी हिरासारखा हात जोडून उभा राहिलो आणि म्हणालो, "माझं नाव हिरा. मी कुणाला फसवलं न्हाय. मला बरं दिसलं, ते मी माझ्या बायांना सांगितलं..."

पुढचं मला येत नव्हतं. तिथं आली की हिरा रोज थांबायची.