पाच शब्द आणि एक लाल दिवा

ऑफिसात तिला सगळे हॅलोताई म्हणत. नवा फोन तयार झाला की तो घेऊन शहरभर हिंडायचं, जिन्याखाली, तळघरात, पुलावर, दवाखान्याच्या व्हरांड्यात उभं राहून फोन लावायचा आणि आवाज कसा पोचतो ते कागदावर टिपायचं, हे तिचं वीस वर्षांचं काम. इतकं साधं काम इतक्या घाबरत करणारी दुसरी बाई शोधून सापडली नसती. गॅस बंद केलाय ना हे बघायला ती अर्ध्या रस्त्यातून परत जायची. तो बंदच निघाला की तिला आणखी भीती वाटायची, की मग आपल्याला आठवलं कसं नाही.

या वेळी मात्र घाबरायला खरंच कारण होतं. चाळीस माणसांची ही कंपनी आजवर दुसऱ्यांसाठी फोन जोडून देत आली होती. यंदा तिने पहिल्यांदा स्वतःच्या नावाचा स्मार्टफोन काढला होता. तो बाजारात आणायचा तर एखाद्या नेटवर्कचा हात धरूनच, आणि हात एकीचाच धरता येणार होता. दारात दोन नेटवर्क कंपन्या उभ्या होत्या. ऑफिसने त्यांना थोरली आणि धाकटी अशी नावं ठेवली होती. थोरलीची दुकानं गल्लोगल्ली, तिची जाहिरात दिसत नाही अशी भिंत नाही. धाकटी आपली गरीब गाय. सगळ्यांचा जीव अर्थातच थोरलीत अडकला होता.

मालकीणबाईंना सगळे मॅडम म्हणत. त्या कधी आवाज चढवत नसत, त्यामुळे हॅलोताईला त्यांची जास्तच धास्ती. त्यांनी सांगून ठेवलं होतं, "आवाजात थोरली बरोबरीला असेल तर थोरली. कमी पडली तर नाही. बोलणं ऐकू आलं नाही की लोक नेटवर्कला बोल लावत नाहीत, फोनला लावतात. आणि हा फोन पडला तर दुसरा काढायला आपण कुणी उरणार नाही."

तेव्हा हॅलोताई दोन खिशांत दोन सारखेच फोन घेऊन निघाली. उजव्या खिशात थोरली, डाव्यात धाकटी. रेंज मोजायला यंत्र होतं, पण शब्द नीट कळतात की नाही हे सांगायला कान लागतो. कागदावर त्यासाठी एक रकाना होता, 'प्रशिक्षित श्रोता'. हा श्रोता कोण, हे वीस वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. ती तिची आई होती.

यात तशी लबाडी नव्हती. आईने उभी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली होती. कानाला हेडफोन लावून तिने गावोगावच्या लोकांना जोडून दिलं होतं. नुसत्या श्वासावरून ती माणूस ओळखायची. पद्धतही तिचीच. लेकीने फोन लावायचा आणि पाच शब्द म्हणायचे, छत्री, फुगा, ठसका, विहीर, झाकण. आईने ते परत म्हणून दाखवायचे आणि दहापैकी मार्क द्यायचे. वीस वर्षं तेच पाच शब्द, त्याच क्रमाने. क्रम बदलायचं कधी सुचलंच नाही.

आईने दोघींना सारखेच मार्क दिले. कुठे आठ, कुठे नऊ. थोरलीच्या फोनवर हॅलोताईला आईचा आवाज अधूनमधून तुटल्यासारखा वाटायचा. पण रकाना श्रोत्याचा होता, आणि आईच्या कानापुढे आपला कान तो काय.

शेवटची नोंद बंद जागेतली. सह्या दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला. दुपारी तीनला ती ऑफिसच्या लिफ्टमध्ये शिरली, आणि चौथ्या-पाचव्या मजल्याच्या मध्ये लिफ्ट थांबली. दिवाही गेला. तिची पाचावर धारण बसली. हातात थोरलीचा फोन होता, सवयीने घराचा नंबर दाबला गेला. आईने उचलला. हॅलोताईने तोंड उघडलं, पण घशातून शब्द फुटेना. ती नुसती उभी राहिली.

थोड्या वेळाने तिकडून आवाज आला, "छत्री... गा... ठस... विहीर... कण. स्पष्ट आहे. नऊ."

एक शब्दही न बोलता तिला नऊ मार्क मिळाले होते.

पाच मिनिटांनी लिफ्ट हलली. ती तडक घरी गेली. आई नेहमीच्या खुर्चीत फोनसमोर बसली होती. हॅलोताई तिच्या पाठीमागे उभी राहिली आणि म्हणाली, "आई." मग जरा मोठ्याने, मग ओरडून. आई समोर फोनच्या लाल दिव्याकडे बघत राहिली. हल्ली आई आपल्या तोंडाकडे टक लावून बघते, ही हॅलोताईला माया वाटत होती. ती ओठ वाचत होती.

ती समोर येऊन बसली. "कधीपासून?"

आईने तिच्या चेहऱ्यावरून सगळं ओळखलं. "वर्ष झालं. आधी डावा गेला, मग उजवा."

"आणि मार्क?"

"दिवा लुकलुकला की उचलते. मनात दहा मोजते, मग म्हणते. सगळ्यांना नऊ दिले तर संशय येईल, म्हणून मधेमधे आठ."

एरवी हसू आलं असतं. "अगं, पण सांगायचं नाहीस? माझी नोकरी जाईल. चाळीस जणांची जाईल."

आई पदराशी चाळा करू लागली. "तू दिवसातून चाळीस वेळा फोन करतेस," ती म्हणाली. "ऐकू येत नाही म्हटलं असतं, तर दुसऱ्या कुणाला केला असतास. मी उचलला की दिवा लागून राहतो. दिवा आहे तोवर तू आहेस, एवढं मला कळतं. बाकी इथे दिवसभर मला काय कळणार?"

हॅलोताईला वाटलं होतं, घरात भित्री आपण एकटीच.

सकाळी ऑफिसला जाताना तिच्या मनात सारखं तेच घोळत होतं. गप्प बसलं तर कुणाला कळणार? झाकली मूठ सव्वा लाखाची. कदाचित थोरली ठीकही असेल. सांगितलं तर आपली नोकरी नक्की जाणार, आणि घर चालतं ते त्याच नोकरीवर. पण लिफ्टमधला तो तुटका आवाज कानातून जात नव्हता. तो तिने स्वतःच्या कानाने ऐकला होता.

मॅडमनी पेनचं टोपण काढलं होतं. थोरलीचे कागद समोर होते. हॅलोताई दारातच उभी राहिली.

"मॅडम, आवाजाचे आकडे खोटे आहेत."

मॅडमनी मान वर केली. "श्रोता कोण होता?"

"माझी आई. तिला ऐकू येत नाही. मला काल कळलं."

मॅडमनी पेनला टोपण लावलं. नेहमीच्याच हळू आवाजात त्या म्हणाल्या, "परत मोजायला किती दिवस?"

"चार."

"दोन देते. तुमचं काय करायचं ते त्यानंतर बघू. श्रोता कोण?"

"मी. बोलेल आई. शब्द दर वेळी नवे, तिच्या मनाला येतील ते, आणि ती ते वहीत लिहून ठेवील. मी ऐकून लिहीन, संध्याकाळी तिच्या वहीशी ताडून बघू."

"त्यांना बोलता येतं ना?" मॅडमनी विचारलं. त्या थट्टा करत होत्या की नाही, हे तिला अजून कळलेलं नाही.

दोन दिवस ती शहरभर हिंडली. थोरली रस्त्यावर खणखणीत, पण भिंतीआड गेली की शब्द गिळायची. तळघरात पाचातले दोनच शब्द पोचले. धाकटीने पाचही पोचवले, दवाखान्यातही आणि पुलाखालीही. आई तिकडून कढई, भोवरा, खिडकी असं मनाला येईल ते म्हणत होती, आणि लेक पहिल्यांदाच स्वतःच्या कानावर भरवसा ठेवून मार्क देत होती. सह्या धाकटीच्या कागदांवर झाल्या. फोन चालेल की नाही, नोकरी राहील की नाही, हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

पण सह्यांआधी एक फोन राहिला होता, लिफ्टमधला. भीत भीत ती आत शिरली आणि धाकटीचा फोन लावला. घंटा वाजत राहिली. सहा झाल्या, सात झाल्या. कधीतरी एक दिवस तिकडून कुणी उचलणार नाही, हे तिला त्या लोखंडी खोक्यात पहिल्यांदा लख्ख कळलं. नवव्या घंटेला आईने उचलला.

आईने पाच शब्द म्हटले. पाचही स्पष्ट आले. मग जरा थांबून ती म्हणाली, "आहेस ना गं?"

"आहे," हॅलोताई म्हणाली. ते आईला ऐकू जाणार नव्हतं.

चाळीस सेकंदांनी फोन ठेवायचा असा नियम होता. लिफ्ट खाली आली, दार उघडलं, लोक आत शिरू लागले. हॅलोताई फोन कानाशी धरून बाहेर आली आणि तशीच घराच्या दिशेने चालू लागली. तिने फोन ठेवला नाही.