पूजेतली बॅटरी

माझा स्वभाव असा, की नवी वस्तू घरात आली की तिच्याबरोबरचं माहितीपुस्तक आधी मी वाचते आणि मग सगळ्यांना बसवून वाचून दाखवते. घरचे कंटाळतात. कंटाळू देत. कामाच्या जागी ठेवायचा, बॅटरीवर चालणारा पंखा आणला तेव्हाही मी तेच केलं. त्या वेळी तर अप्पांचं काम पणाला लागलं होतं.

अप्पा म्हणजे माझे वडील. आमचे पूर्वज म्हैसूरच्या फौजेत तलवार चालवायचे. अप्पा रंधा चालवतात. इथेच म्हैसूरला, लष्कर मोहल्ल्यात आमचं सुतारकामाचं दुकान आहे. गिऱ्हाइकं मी सांभाळते, लाकूड ते सांभाळतात. गेल्या उन्हाळ्यात एच. डी. कोटे गावाजवळ एका नव्या घराच्या चौकटी बसवताना त्यांना भोवळ आली. डोक्यावर पत्रा तापलेला, आणि त्या घरात वीज अजून आलेली नव्हती. डॉक्टर म्हणाले, उष्णता टाळा. आईने त्याचा अर्थ काढला, काम टाळा.

"पुरे झालं. आता सुम्ने, गपचूप घरी बसा," ती म्हणाली.

अप्पा बसले. पहिल्या आठवड्यात त्यांनी घरातल्या धडधाकट खुर्च्या खिळखिळ्या आहेत असं ठरवून दुरुस्त केल्या. नंतर खुर्च्या संपल्या. मग ते नुसते खिडकीशी बसून रस्ता बघू लागले. मला ते बघवत नव्हतं. मला रडू यायला लागलं की राग येतो, आणि त्या रागातच मी जाऊन पंखा घेऊन आले.

आईने अट घातली. "पंखा समोर असेल तरच हे जातील. आणि बॅटरीबिटरीचं एक काही चुकलं ना, त्या दिवसापासून साइट बंद. कायमची."

"माझ्या हातून चुकणार नाही," मी म्हणाले. तेव्हा मला स्वतःबद्दल जराही शंका नव्हती.

मी अप्पांना धडे दिले. चार्जिंग घरीच, फरशीवर, डोळ्यांसमोर. गादीवर किंवा लाकडाच्या भुशाजवळ नाही. त्याच कंपनीचा चार्जर वापरायचा. बॅटरी उन्हात किंवा बंद गाडीत ठेवायची नाही. पंखा पुसायचा तर आधी बॅटरी काढायची. पॉलिश किंवा थिनरचं काम चालू असलेल्या खोलीत पंखा न्यायचाच नाही. आणि पाणी, ओला हात, ओलं फडकं यांतलं काहीही बॅटरीजवळ नको. प्रत्येक वाक्याला अप्पा मान डोलवून "आयतु मेडम, आयतु", झालं मॅडम, झालं, म्हणत होते. त्यांनी एक अक्षर ऐकलं असेल असं मला वाटलं नाही. दोन दिवसांनी ते माहितीपुस्तकही कुठेतरी गायब झालं आणि मी सगळ्यांवर तोंडसुख घेतलं.

पण काम सुरू झालं. मीही त्यांच्याबरोबर साइटवर जायची. अप्पा चौकट बसवायचे, पंखा शेजारी सपाट जागेवर घरघरायचा. दुपारी आईचा फोन यायचा, तोही मला. "पंख्याचा आवाज ऐकव," एवढंच ती म्हणायची. मी फोन पंख्याजवळ धरायची.

मग खंडेनवमी आली. आमच्याकडे त्या दिवशी दुकानात पाट मांडतात. त्यावर पूर्वजांची एक गंजकी तलवार, तिच्या शेजारी रंधे, पटाश्या, करवती. पूजा झाली की दसऱ्याच्या सकाळपर्यंत हत्याराला हात लावायचा नाही. अप्पा या बाबतीत फार कडक. एका वर्षी दुकानाचं दार आतून अडकलं, तेव्हा त्यांनी खांद्याने धक्के मारून ते उघडलं, पण पाटावरची पटाशी उचलली नाही.

या वर्षी मांडामांड माझ्याकडे होती. पंखा ओल्या फडक्याने पुसायचा म्हणून मी आधी आठवणीने बॅटरी काढली आणि मनात स्वतःची पाठ थोपटली. बॅटरी ताम्हणात ठेवली, तीही खाचा वर करून, नीट दिसावी म्हणून. मग सगळ्या हत्यारांना लावलं तसं तिलाही ओलं हळदकुंकू लावलं आणि वर फुलाने पाणी शिंपडलं. दारात कोहळा फोडला. आरती झाली. आम्ही तिथेच दुकानात जेवायला बसलो.

अप्पा पहिल्या घासाला थांबले. पाटाकडे बघत राहिले. मग उठले, हात धुतले, कोरडे पुसले, जाड सुती कापड घेतलं आणि ताम्हणातून बॅटरी उचलली.

"अय्यो! पूजेतलं हत्यार उचललंत?" आई ओरडली.

अप्पा ती घेऊन बाहेर गेले. भुशापासून, लाकडापासून लांब, बाहेरच्या मोकळ्या दगडी पायरीवर त्यांनी बॅटरी ठेवली. परत येऊन म्हणाले, "कापडातूनसुद्धा कोमट लागली. खाचांत पाणी गेलंय. ही आता वापरायची नाही, चार्ज पण करायची नाही. सर्व्हिसवाल्याकडं द्यायची, अल्वा, हो ना?"

"तुम्हाला कसं माहीत?" मी विचारलं.

त्यांनी हत्यारांची पेटी उघडली. झाकणाच्या आतल्या बाजूला माझं हरवलेलं माहितीपुस्तक चिकटवलेलं होतं, आणि पाण्याच्या चित्राखाली सुताराच्या चपट्या पेन्सिलीची जाड रेघ होती.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चूक झाली होती, तीही आईच्या डोळ्यांदेखत, आणि अट सगळ्यांनाच आठवत होती. अप्पांनी पेटी बंद केली आणि पुन्हा पानावर बसले, पण जेवेनात. ते आईकडे बघत होते. साठी उलटलेला माणूस परवानगीसाठी तसा बघतो, हे मला सहन होईना.

"चूक माझी आहे. त्यांची साइट बंद करू नकोस," मी म्हणाले.

आईने शांतपणे त्यांच्या पानात भात वाढला. "त्यांची कोण बंद करतंय? साइट चालू. तू बॅटरीला हात लावायचा नाहीस."

नवी बॅटरी आली. आता चार्जिंग अप्पा करतात. मी साइटवर गेले की आधी माझे हात कोरडे आहेत का ते बघतात. आईचा दुपारचा फोनही आता त्यांनाच येतो. परवा मी तिथेच होते. ऊन मरणाचं होतं. अप्पांनी फोन पंख्याजवळ धरला, मग पंख्याचं तोंड माझ्याकडे वळवलं आणि तिला म्हणाले, "हो, चालू आहे. तिला वाऱ्यात बसवलंय."