अंडीअण्णांचा खोटा शेरा

अण्णा अंडं कानाशी नेत, हळूच हलवत आणि डोळे मिटून ऐकत. मग दिव्यासमोर धरत. जयनगरच्या आमच्या तपासणी कचेरीतून परदेशी जाणारी अंडी त्यांच्या शेऱ्याशिवाय हलत नसत, म्हणून सगळे त्यांना अंडीअण्णाच म्हणत. मी तिथे टायपिस्ट. दोघांचीही घरं पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरातली, घरात मराठी बोलणारी. म्हणून मला ते हक्कानं एकेरी हाक मारत.

घाई करणाऱ्या व्यापाऱ्याला ते म्हणत, "स्वल्प थांबा. सरकारनं मला बघायला ठेवलंय, मान डोलवायला नाही." नोकरीभर त्यांनी एकही खोटा शेरा लिहिला नव्हता.

नव्वदच्या दशकातल्या एका उन्हाळ्यात कोंबड्या पटापट मेल्या. उरलेल्यांची अंडी परदेशी जाऊ लागली आणि शहरात अंडं दिसेना. सरकारी क्षयरोग वॉर्डातलं रोजचं उकडलेलं अंडंही बंद झालं. तिथे अण्णांची धाकटी बहीण होती. "हाडं तेवढी राहिलीत गं," ते म्हणाले. निर्यात काही दिवस थोपवा, अशी पत्रांवर पत्रं त्यांनी वर धाडली. उत्तर आलं: तुमचं काम दर्जा तपासणं, पुरवठा हा तुमचा विषय नव्हे.

मग ते खोक्याखोक्यात दोष शोधू लागले. सापडत नसे. शेवटी सही करत.

एका सकाळी भरलेल्या ट्रककडे बघत ते म्हणाले, "लिही. टरफलं पातळ. प्रवासात टिकणार नाहीत."

"अण्णा, पण ही तर..."

"लिही, सुमा."

माल परत फिरला, शहरातच विकला गेला. वॉर्डात आठवडाभर अंडी मिळाली.

चौकशीत साहेब म्हणाले, "नजरचूक झाली म्हणा, मिटवून टाकू."

"चूक नाही. अंडी उत्तम होती. म्हणूनच ठेवून घेतली."

साहेब माझ्याकडे वळले. "तुम्हाला हे माहीत होतं?"

घरात मिळवती मी एकटी. "नाही," मी म्हणाले. अण्णा खिडकीबाहेर बघत राहिले.

त्यांच्या बडतर्फीचा हुकूम मीच टाइप केला. त्याच महिन्यात त्यांची बहीण गेली. मी भेटायला गेले आणि दारातच रडू कोसळलं. "अण्णा, मी खोटं बोलले."

"सरी, बरोबरच केलंस," ते म्हणाले. "दोघांची नोकरी जाऊन काय मिळालं असतं? ये, बैस. कॉफी टाकतो."

कॉफी पिऊन मी निघाले. ते रागावले असते, तर कदाचित पुन्हा त्यांच्याकडे जाऊ शकले असते.